वाचकांचे प्रश्न : कासवाची पाठ कशानं धुवायची?

मागच्या अंकात पावसाळ्यातल्या पाळीव जनावरांवर लिहिताना कासवाबद्दल मी दोनच ओळी लिहिल्या होत्या, की कासव ओलं राहू देऊ नका आणि त्याच्या पाठीला तेल चोळू नका. त्या दोन ओळींवर एवढे प्रश्न आले की कुत्र्यामांजरांचे प्रश्न या वेळी मागं ठेवलेत. आणि आधी एक दुरुस्ती करते, कारण त्या ओळीनं दोघातिघांचा गोंधळ झालाय. आपल्या मराठीत जमिनीवरचं असो नाहीतर तळ्यातलं असो, सगळ्याला कासवच म्हणतात, त्यामुळे "ओलं ठेवू नका" हे मी जमिनीवरच्या कासवाबद्दल म्हणत होते आणि ते मी स्पष्ट लिहायला पाहिजे होतं. काचेच्या टाकीत पोहणारं, डोळ्यामागं कानापाशी लाल पट्टा असलेलं कासव ज्यांच्याकडे आहे त्यांनी त्याला कोरडं ठेवायचं नाही, त्याला पाणी पण लागतं आणि पाण्याबाहेर येऊन ऊन खायला कोरडी जागा पण लागते. म्हणून या वेळी जिथं फरक पडतो तिथं कुठलं कासव ते सांगितलंय.

*

राजारामपुरीतून एक ताई विचारतात : डॉक्टरताई, आमच्याकडे तीन वर्षांचं सुलकाटा कासव आहे, मुलाच्या हट्टानं घेतलं. त्याची पाठ आता पांढरट, कोरडी दिसायला लागलीय. सासूबाई म्हणतात आठवड्याला खोबरेल लावा, दुकानदारानं चमकवायचा एक स्प्रे दिलाय, आणि कामवाल्या मावशींनी एकदा भांड्यांच्या साबणानं घासणीनं घासून काढलं तर ते मस्त स्वच्छ झालं पण दोन दिवस काही खाल्लं नाही त्यानं. नक्की काय लावायचं?

ताई, तुमचं सुलकाटा म्हणजे जमिनीवरचं कासव, त्याला काही लावायचं नाही. तेल नाही, तूप नाही, स्प्रे नाही, साबण नाही.

का ते सांगते, कारण नुसतं नको म्हटलं की घरातली मोठी माणसं ऐकत नाहीत हे मला माहितीय. कासवाचं कवच म्हणजे वरून घातलेलं टोपण नाही, त्याचा कणा आणि बरगड्याच पसरून एकमेकांत जुळून ते तयार झालेलं असतं, म्हणजे आतून ते जिवंत हाड आहे, त्याला रक्त जातं, नसा जातात. त्या हाडावर जे चौकोनी-षटकोनी तुकडे दिसतात ते आपल्या नखाच्याच पदार्थाचे, केराटिनचे असतात. आता तुम्हीच बघा, नखाला तेल लावलं तर नख ते पितं का? वरचेवर चकाकतं आणि हात चिकट राहतो. कासवाचंही तसंच. त्या चिकटपणावर धूळ बसते, मातीचे कण बसतात, दोन तुकड्यांच्या मधल्या खाचेत तो सगळा थर जाऊन बसतो, आणि आपल्याकडे जूनपासून सप्टेंबरपर्यंत हवा अशी दमट असते की कपडे वाळत नाहीत, मग त्या खाचेत बुरशी धरायला वेळ लागत नाही. दुकानातला स्प्रे पण शेवटी तेलाचाच प्रकार असतो बहुतेक. परत करता आला तर करा, नाहीतर टाकून द्या.

साबणाचं कारण वेगळं. साबण डोळ्यात जातो, तोंडात जातो, आणि कासव अंघोळीच्या पाण्यातलंच पाणी पितं, त्यामुळे टबमध्ये साबण असला की तो पोटात जाणारच. तारेच्या किंवा हिरव्या घासणीनं वरचा केराटिनचा थर खरवडला जातो, एकदा बारीक चरे पडले की घाण त्यातच अडकते. तुमच्या मावशींनी प्रेमानंच केलं, त्यांना रागवू नका, फक्त सांगा की हे भांडं नाही, याला लागतं.

धुवायचं कसं, तर एक पसरट घमेलं किंवा बाळाचा टब घ्या. कोमट पाणी, मनगटावर टाकून बघायचं, ना गरम ना गार. पाण्याची उंची एवढीच की वरचं कवच आणि पोटाकडचं कवच जिथं जुळतं तिथपर्यंत यावी, आणि मान खाली टाकली तरी नाक पाण्यावर राहावं. पंधरा-वीस मिनिटं तसंच बसू द्या. ते पाणी पिईल, त्यातच शी-शू करेल, चांगलं आहे, करू दे, घाण झालं की पाणी बदला. मग लहान बाळाचा मऊ टूथब्रश घेऊन पाठीवर, कडांना, पायांजवळ हलक्या हातानं फिरवायचा, जिथं माती वाळून बसलीय तिथंच. जोर लावायचा नाही. आणि हे नीट वाचा, तुकड्यांच्या मधे जी फिकट रेघ दिसते ती घाण नाही! ती नवीन वाढ आहे. कवच त्या रेघेतूनच वाढतं. कित्येक लोक ती पांढरी रेघ घाण समजून ब्रशनं, काडीनं, एकानं तर टाचणीनं कोरलेली मी बघितलीय.

पोट धुवायला उलटं करायचं असेल तर सेकंदात काम आटपा, किंवा तिरकं धरा. कासवाची फुप्फुसं पाठीच्या कवचाला लागूनच असतात, उताणं ठेवलं की आतडी-पोट त्यांच्यावर येतात आणि त्याला श्वास घ्यायला जड जातं.

शेवटी जुन्या सुती साडीच्या किंवा धोतराच्या मऊ कापडानं टिपून घ्या, पायांच्या खोबणीतसुद्धा, आणि ऊन असेल तर उन्हात नाहीतर दिव्याखाली पूर्ण वाळल्यावरच जागेवर सोडा. हे सकाळीच करा. पावसाळ्यात संध्याकाळी धुतलेलं कासव रात्रभर ओलसर राहतं. आठवड्यातनं एकदा पाण्यात बसवणं पुष्कळ झालं, ब्रश तर मळलं तरच. ते टबाचं पाणी स्वयंपाकघरातल्या सिंकमध्ये ओतू नका, संडासात ओता, आणि तो टब, तो ब्रश कासवाचाच ठेवा. कासवाच्या अंगावर साल्मोनेला नावाचे जंतू असू शकतात, कासव ठणठणीत दिसतं आणि घरातल्या लहान मुलाला मात्र जुलाब-ताप होतो. अमेरिकेत याच कारणासाठी १९७५ पासून चार इंचापेक्षा लहान कासवं विकायला बंदी आहे, कारण पोरं ती तोंडात घालायची. तुमच्या मुलाला हात लावू द्या, पण नंतर साबणानं हात धुवायला लावा. साबण तिथं वापरायचा.

आणि पांढरट दिसतंय त्याचं काय? तीन वर्षांच्या सुलकाटाचं कवच तसं फिकट, मातकटच असतं. हा प्राणी सहारा वाळवंटाच्या दक्षिणेच्या कोरड्या पट्ट्यातला, त्याचा रंगच मातीचा. ओलं केल्यावर गडद आणि वाळल्यावर फिकट, हे नॉर्मल आहे. कुठं मऊ लागत नाही, वास येत नाही, खवला हलत नाही ना एवढंच बघा.

एक राहिलं, विचारलं नाहीत तरी सांगते. सुलकाटा हे बेटांवरची राक्षसी कासवं सोडली तर जगातलं सगळ्यात मोठं जमिनीवरचं कासव आहे, नर चाळीस-पन्नास किलोपर्यंत जातो आणि पन्नास वर्षांहून जास्त जगू शकतो. आणि परदेशी जातीच्या अशा प्राण्यांची सरकारकडे परिवेश पोर्टलवर नोंद करावी लागते, २०२४ च्या फेब्रुवारीत तसे नियम आलेत. केली नसेल तर आधी ते बघा.

*

इचलकरंजीतून एक दादा : माझ्याकडे लाल कानाची दोन कासवं आहेत टाकीत. एकाच्या पाठीवरचे पापुद्रे सुटायलेत, दुसऱ्याच्या पाठीवर हिरवं शेवाळ आणि पांढरे डाग आहेत. पापुद्रे मी नखानं काढायला गेलो तर एका ठिकाणी गुलाबी दिसलं. टाकीत बोअरचं पाणी आहे. औषध सांगा.

दादा, नखानं काढायचं बंद करा आजपासून. पाण्यातली कासवं वाढताना वरचे पापुद्रे टाकतातच, अर्धपारदर्शक असतात, उन्हात वाळले की आपोआप सुटतात, आणि खाली नवीन स्वच्छ खवला तयार असतो. तुम्ही वेळेआधी ओढलं तर खालचं तयार नसतं. गुलाबी दिसलं म्हणताय ती जागा रोज बघा. फिकट गुलाबी राहून चार-पाच दिवसात कडक झाली तर बरं, पण लाल झाली, ओली राहिली, वास आला तर थांबायचं नाही, डॉक्टर गाठायचा.

पापुद्रे सुटत नाहीत, एकावर एक साचतायत, असं असेल तर बहुतेक वेळा ऊन खायला जागाच नसते. तुमच्या टाकीत पूर्ण कोरडं होऊन बसता येईल असा दगड किंवा फळी आहे का? बऱ्याच जणांच्या टाकीत एक प्लास्टिकचं झाड असतं आणि कासव दिवसरात्र पाण्यात. त्याला वर चढून पाठ, पोट, पाय सगळं सुकवता आलं पाहिजे आणि वर दिवा पाहिजे. पाठ वाळते तेव्हाच पापुद्रे सुटतात आणि बुरशी मरते. खिडकीतनं काचेतून येणाऱ्या उन्हाचा उपयोग नाही, काच यूव्हीबी, म्हणजे उन्हातली कासवाला लागणारी अतिनील किरणं, अडवते. गच्चीवर काचेची टाकीच उन्हात ठेवायची हे तर अजिबात नको, अर्ध्या तासात पाणी तापतं आणि कासव आत शिजतं, हा शब्द वाईट आहे पण असंच होतं, मी अशी दोन कासवं बघितलीत आणि दोन्हीवेळा आणणाऱ्याच्या डोळ्यात पाणी होतं. ऊन द्यायचं तर टबात, अर्ध्या भागावर सावली करून, आणि आपण शेजारी बसून.

शेवाळ कासवाला फारसं त्रास देत नाही, ते टाकीचं लक्षण आहे, फिल्टर कमी पडतोय किंवा खाणं जास्त पडतंय. मऊ ब्रशनं साध्या पाण्यात हलकेच काढा. शेवाळ मारायचं औषध टाकीत टाकू नका.

पांढऱ्या डागाची एक साधी परीक्षा आहे. पाठ ओली केल्यावर डाग नाहीसा झाला आणि वाळल्यावर परत दिसला तर तो बहुतेक बोअरच्या जड पाण्याचा क्षार, आपल्या बादलीला, नळाला बसतो तसाच. त्याला लिंबू, व्हिनेगर, अ‍ॅसिड काही लावू नका, दिसायला वाईट दिसतं एवढंच, पाणी बदललं की कमी होत जातं. पण ओलं करूनही डाग तसाच, कापसासारखा किंवा खड्डा पडल्यासारखा असेल तर ते कवच सडण्याची सुरुवात असू शकते, त्याबद्दल खाली शाहूपुरीच्या प्रश्नात लिहिलंय.

आणि कंटाळा आला म्हणून कधी रंकाळ्यात किंवा पंचगंगेत सोडू नका. ही अमेरिकेतली जात आहे, जगभर जिथं जिथं लोकांनी सोडली तिथं स्थानिक कासवांचं खाणं आणि ऊन खायच्या जागा बळकावून बसलीय.

*

कसबा बावड्यातून, आठवीतली एक मुलगी : डॉक्टरताई, आमच्या शेजारच्या दादाकडे कासव आहे. सगळे त्याच्या पाठीवर टकटक करतात आणि म्हणतात त्याला काही कळत नाही. खरं आहे का? आणि पाठीवरच्या रेघा मोजून वय कळतं का?

बाळा, खोटं आहे. त्याला कळतं. तुझ्या नखावर कुणी टिचकी मारली तर तुला कळतं की नाही? नख स्वतः दुखत नाही पण खाली जिवंत बोट आहे. त्याच्या कवचाखाली जिवंत हाड आहे. टकटक केली की ते मान आत घेतं, लोक समजतात ते लाजलं, खरं तर ते घाबरतं. आणि दादाला हे पण सांग की कार्टूनमध्ये कासव कवचातनं बाहेर येऊन पळतं तसं होत नाही, त्याचा पाठीचा कणाच कवचाला आतून जोडलेला असतो.

रेघांचं, तर पूर्ण खरं नाही. चांगलं खायला मिळालं की एका वर्षात दोन-तीन रेघा पण उमटतात, आणि म्हाताऱ्या कासवाच्या घासून जातात, त्यामुळे अंदाज पण नीट येत नाही. त्यापेक्षा मधले मोठे तुकडे मोज. कण्यावर पाच आणि दोन्ही बाजूला चार-चार, म्हणजे तेरा, बहुतेक कासवांना तेवढेच असतात. मोजताना हात लावू नकोस, लांबनंच मोज.

*

कागल तालुक्यातनं एक शेतकरी : दोन वर्षामागं विहिरीचा गाळ काढताना कासव घावलं. पोरांनी जनावरांच्या हौदात सोडलं. पळून जातंय म्हणून मागच्या बाजूला कवचाला भोक पाडून दोरी बांधल्याली. आता भोकाजवळ पिवळं पाणी यायलंय. पाठ पण मऊ लागतीय, कातड्यासारखी. काय लावावं?

मामा, तुम्ही प्रामाणिकपणानं लिहिलंसा म्हणून बरं वाटलं, नाहीतर लोक भोकाचं सांगतच नाहीत. आता माझं पण मोकळ्या मनानं ऐका.

पाठ कातड्यासारखी मऊ म्हणताय, त्यात आजार नाही. आपल्या विहिरीत-तळ्यात सापडणारं एक कासव असतंच तसं, त्याच्या हाडावर कडक खवले नसतात, कातडीच असते, आणि पाय आत घेतले की मागच्या पायांवर झडपा मिटतात. तुमचं तेच असणार असं वर्णनावरनं वाटतंय. पण म्हणूनच ते भोक म्हणजे कातडी फाडून हाडातनं आरपार गेलेली जखम आहे. आपल्या बैलाला वेसण घालतो तसं हे नाही, वेसण मांसातनं जाते, इथं हाड आहे आणि हाडात पू झाला की तो आत पसरतो.

आता करायचं काय? दोरी ओढून काढू नका. दोन्ही बाजूला कात्रीनं कापून टाका, भोकातला तुकडा डॉक्टरला काढू दे. हौदात जनावरांचं पाणी असंल तर त्यातनं काढून स्वच्छ पाण्याच्या टबात ठेवा, हळद, कोळसा, इंजिन ऑइल, कायबी भरू नका त्या भोकात. आणि आजच वन विभागाला फोन करा, १९२६ हा त्यांचा नंबर आहे, कुठल्याही फोनवरनं लागतो.

कायद्याची गोष्ट लपवत नाही. आपल्याकडची रानातली, विहिरीतली कासवं १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं संरक्षित आहेत, घरात किंवा हौदात ठेवता येत नाहीत. तुम्ही घाबरून रात्री ते नदीत नेऊन सोडाल अशी मला भीती वाटतीय, तसं करू नका, जखम घेऊन ते मरेल. स्वतः होऊन कळवा, जखम बरी करून चांगल्या पाण्यात सोडायचं काम ते लोक करतील. विहिरीत कासव असतं म्हणजे ते मेलेलं, कुजलेलं खाऊन पाणी साफ ठेवत असतं, आपल्या जुन्या माणसांना ते माहीत होतं म्हणून ते विहिरीतच राहू द्यायचे.

याच निमित्तानं बाकीच्यांना पण, पाठीवर पिवळ्या चांदण्यांची नक्षी असलेलं कासव कुणी विकत असेल तर घेऊ नका. ते आपल्याच देशातलं आहे, विकणं-पाळणं गुन्हा आहे, आणि २०१९ पासून त्याचा आंतरराष्ट्रीय व्यापार पण बंद केलाय. पोत्यात भरून, तोंडाला चिकटपट्टी लावून त्यांना नेतात. नखं मोजून "हे धन आणतं" म्हणणाऱ्यांचं तर ऐकूच नका.

*

शाहूपुरीतून एक काका : पाण्यातलं कासव, सात वर्षांचं. पोटाकडच्या कवचावर एक डाग आहे, बोटानं दाबलं तर दबतो, वास येतो. आम्ही आठ दिवस हळद भरतोय. थोडं लालसर पण झालंय कडेनं.

काका, हा अंक हातात पडायच्या आधीच तुम्हाला फोनवर कळवायला मी संपादकांना सांगितलंय, कारण हे थांबण्यासारखं नाही. दबतंय, वास येतोय, लाली पसरतीय, ही तीन लक्षणं एकत्र म्हणजे कवच सडतंय आणि जंतू रक्तात जायच्या वाटेवर आहेत किंवा गेलेत. याला अँटिबायोटिक इंजेक्शन लागतं, मेलेला भाग डॉक्टरनं साफ करावा लागतो, आणि तो घरी ब्लेडनं करायचा प्रकार नाही.

हळद वाईट म्हणून सांगत नाही, पण ती भरली की जखम झाकली जाते, खाली किती खोल गेलंय ते तुम्हाला पण दिसत नाही आणि मला पण नाही. टर्पेंटाईन नको, आणि डेटॉल, फिनेल तर कधीच नको, असल्या फिनॉलच्या जातीच्या औषधांचा सरपटणाऱ्या प्राण्यांना त्रास होतो. दवाखान्यात पोचेपर्यंत करायचं झालं तर एवढंच, पोव्हिडोन आयोडीन, म्हणजे जखमेला लावायचं तपकिरी औषध, पाण्यात मिसळून फिक्क्या कोऱ्या चहासारखं करायचं, स्वच्छ कापसानं डाग पुसून घ्यायचा, वाळू द्यायचा, आणि कासवाला स्वच्छ कोरड्या टबात उबदार जागी ठेवायचं. पाण्यात किती वेळ आणि कोरडं किती वेळ हे डॉक्टर सांगतील तसंच, कारण पाण्यातलं कासव बरेचदा पाण्यातच गिळतं, दिवसच्या दिवस कोरडं ठेवलं तर खायचं सोडतं आणि सुकतं.

पोटाकडचं कवच का सडलं त्याचं कारण पण शोधा. टाकीतला खडबडीत दगड किंवा सिमेंटची उतरण असते, त्यावर घासून रोज चरे पडतात, आणि पाणी घाण असलं की त्या चऱ्यातनं जंतू शिरतात. जमिनीवरच्या कासवांना पण शहाबादी फरशीवर, खडबडीत कोब्यावर दिवसभर चालवलं की पोट असंच झिजतं. त्यांना मातीचा, वाळलेल्या गवताचा थर द्या, कोरडा.

*

लक्ष्मीपुरीतून : आमच्या सुलकाटाच्या पाठीवर टेंगळं आलीत, प्रत्येक तुकडा डोंगरासारखा वर आलाय. ब्रशनं, दगडानं घासून सपाट होईल का?

नाही होणार, आणि दगड लावू नका, ते टेंगूळ हाडाचंच आहे. एकदा आलेलं जात नाही, पुढची वाढ मात्र सपाट करता येते. पूर्वी सगळे म्हणायचे जास्त प्रोटीन दिल्यानं होतं, पण २००३ मध्ये सुलकाटाच्या पिल्लांवरच झालेला एक अभ्यास आला आणि त्यात प्रोटीनपेक्षा हवेतल्या ओलाव्याचा परिणाम जास्त दिसला, कोरड्या हवेत वाढलेल्या पिल्लांना टेंगळं जास्त आली. म्हणजे पिल्लू असताना एसीच्या खोलीत, दिव्याखाली, कोरड्या खोक्यात वाढवलं की हे होतं. इथं लोक गोंधळतात, मी एकीकडे कोरडं ठेवा म्हणते आणि दुसरीकडे ओलावा पाहिजे म्हणते. हवा दमट चालेल, अंग आणि जमीन ओलीचिंब नको. पिल्लाला लपायला एक खोकं द्या, त्यात किंचित ओलसर माती, आणि रोज थोडा वेळ कोमट पाण्यात बसवा.

टेंगळांपेक्षा मला काळजी वेगळी आहे, कवच दाबलं तर दबतं का ते बघा. वर्षाच्या पुढच्या कासवाचं कवच दबलं तर कॅल्शियम कमी पडतंय, आणि त्याला तेलानं नाही, खाण्यानं आणि उन्हानंच बरं करता येतं. चपाती, भात, पाव, दूध, बिस्किटं बंद. सुलकाटाचं मुख्य जेवण गवत, आपली हराळी उत्तम, सोबत जास्वंदाची पानं-फुलं, काटे काढलेलं फड्या निवडुंग, थोडा शेवग्याचा पाला. पालक रोज नको, त्यातली ऑक्झॅलेट्स कॅल्शियम धरून ठेवतात. काष्ठौषधींच्या दुकानात समुद्रफेस मिळतो, त्याचा एक तुकडा समोर टाकून ठेवा, लागेल तसं कुरतडेल. आणि पावसाळ्यात दोन-दोन आठवडे सूर्य दिसत नाही तेव्हा यूव्हीबीचा दिवा पाहिजेच, दिवसाला दहा-बारा तास, पाकिटावर लिहिलेल्या अंतरावर. दिवा पेटतोय म्हणजे चालतोय असं नाही, उजेड राहतो पण यूव्हीबी कमी होत जातं, म्हणून सहा महिने ते वर्षभरात बदलायचा.

*

एका वाक्यातले प्रश्न, भराभर :

गॅलरीतनं पडून कवचाला तडा गेला, एमसील लावू का? नको. फेव्हिक्विक पण नको. आत जंतू कोंडतात. सलाईननं धुवून, स्वच्छ गॉज ठेवून, पाण्यात न सोडता, खोक्यात घालून त्याच दिवशी दवाखान्यात, तिथं एक्स-रे काढतील. कवच हाड असल्यामुळे भरून येतं, पण महिने लागतात.

पायाजवळ गोचीड आहेत, कुत्र्याचं गोचिडीचं इंजेक्शन चालेल का? नको, त्यात बहुतेक आयव्हरमेक्टिन असतं, ते कासवाला कधीही देऊ नका, जीव जातो. कुत्र्याचा स्प्रे पण नको. चिमट्यानं काढून घ्या, किंवा घेऊन या.

मुलांनी पाठीवर ऑइलपेंटनं नाव लिहिलंय? थिनर, पेट्रोल, नेलपेंट रिमूव्हर काही लावू नका. वॉटरकलर कोमट पाण्यानं जातो, ऑइलपेंट असेल तर घेऊन या, थोडा थोडा काढावा लागतो. तसाच ठेवायचा नाही, रंग त्या वाढीच्या रेघांवर बसतो.

*

मंगळवार पेठेतून एक आजी : कासव विष्णूचा अवतार, म्हणून मी रोज त्याच्या पाठीला हळदकुंकू लावते, दिवाळीला तेल-उटणं पण. तुमचं वाचून नातू म्हणतो बंद कर. मन होत नाही.

आजी, बंद करा असं मी कशी म्हणू? देवळात नंदीच्या अलीकडं दगडी कासव असतं, त्याला आपण हळदकुंकू वाहतोच, त्या दगडाला ते चालतं. तुमचं घरातलं कासव जिवंत आहे, त्याच्या पाठीवरच्या खाचेत कुंकू जाऊन बसतं, पावसाळ्यात ते ओलं होऊन घट्ट होतं, आणि आजकालच्या कुंकवात कसले रंग असतात ते आपल्याला माहीत नसतं. तेल-उटण्याचं तर वर राजारामपुरीच्या ताईंना सांगितलंच आहे. तेव्हा हळदकुंकू त्याच्या पुढ्यात पाटावर वाहा, ओवाळायचं तर थोडं लांबनं ओवाळा, धूर नाकाशी नको. दिवाळीला त्याला नुसत्या कोमट पाण्याची अंघोळ घाला, अभ्यंगस्नानच समजा.

आणि नैवेद्याला जास्वंदाचं एक फूल ठेवा, जमिनीवरचं कासव असेल तर आवडीनं खाईल. फूल दारातल्या झाडाचं घ्या, हारवाल्याकडचं नको, त्यावर फवारणी केलेली असते.